वेण्णा लेकच्या खोलगटात सरत्या हिवाळ्यातील हिमकण आणि वारा यांचा अंदाज कसा बांधावा

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत एखाद्या पहाटे वेण्णा लेकच्या जेट्टीचे पांढरे झालेले फळकूट, स्ट्रॉबेरीच्या पानांवरची साखरेसारखी कड आणि मोटारीच्या टपावरून नखाने खरवडलेला बर्फाचा चुरा यांची छायाचित्रे फिरू लागतात आणि त्यांच्याखाली ‘महाबळेश्वरात बर्फ पडला’ असे लिहिलेले असते. वस्तुतः त्या रात्री वरून काहीही पडलेले नसते. हवेतील बाष्प गवतावर, लाकडावर किंवा पत्र्यावर दव म्हणून जमते व नंतर गोठते, किंवा पृष्ठभाग आधीच शून्याखाली गेला असेल तर बाष्पाचे थेट हिमकण होतात. हा फरक केवळ शब्दांचा नाही, कारण अंदाज बांधण्याची सारी दिशा त्यावर ठरते. हिमवृष्टीसाठी ढग लागतात आणि ढगापासून जमिनीपर्यंतची हवा पुरेशी थंड असावी लागते. हिमकणांसाठी मात्र आकाश निरभ्रच असावे लागते. त्यामुळे संध्याकाळी ढग दाटून आले म्हणून ‘आज हिम पडणार’ असे म्हणणारा पाहुणा जवळजवळ नेहमीच चुकतो.

दुसरा गोंधळ तापमानाच्या आकड्याचा आहे. वेधशाळेची किमान तापमानाची नोंद आठ-नऊ अंश सेल्सिअस असताना तलावाकाठी हिमकण कसे दिसतात, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो आणि विचारणाऱ्याच्या स्वरात बहुधा वेधशाळेविषयी संशय असतो. तो अनाठायी आहे. वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत ठेवलेला असतो आणि तो हवेचे तापमान सांगतो. उघड्या आकाशाखालील गवताचे पाते किंवा मोटारीचा टप स्वतःची उष्णता थेट आकाशाकडे टाकत असल्याने शांत रात्री त्या हवेपेक्षा कित्येक अंशांनी अधिक थंड होतो. शिवाय महाबळेश्वरची बाजारपेठ उंचावर आहे आणि वेण्णा लेक तिथून सुमारे दोन किलोमीटरवर, सखल भागात आहे. थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराने वाहते आणि खोलगटात साठते. साताऱ्याचे अप्पासाहेब महाराज यांच्या काळात, १८४२ मध्ये, वेण्णेचे पाणी ज्या जागी अडवले गेले तिथेच रात्री थंड हवाही अडते, आणि नदीच्या वाटेनेच ती पुढे लिंगमळा धबधब्याकडे सरकते. याची खात्री करून घ्यायची असेल, तर निवांत रात्री दहानंतर बाजारपेठेतून दुचाकीवर तलावाकडे उतरून पाहावे. शेवटच्या उतारावर आधी घोट्यांना, मग गुडघ्यांना गारठा लागतो आणि छाती अजून उबदारच असते. थंड हवेच्या त्या तळ्यात आपण अक्षरशः पायांनी शिरत असतो.

याच कारणाने ‘जितके उंच तितके थंड’ हा नियम रात्री फसतो. दिवसा दर किलोमीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, हे खरे. परंतु हिवाळ्याच्या शांत रात्री माथ्यावरची थंड हवा घसरून खाली जाते आणि सकाळी वाई, सातारा किंवा पुण्याचे किमान तापमान महाबळेश्वरपेक्षा कमी नोंदले जाते. वर्तमानपत्रे त्याला नवल म्हणतात, पण त्यात नवल काही नाही. म्हणून अंदाज बांधणाऱ्याने जिल्ह्यासाठी किंवा शहरासाठी दिलेला किमान तापमानाचा आकडा कच्चा माल म्हणून घ्यावा. संगणकीय प्रारूपांचीही हीच मर्यादा आहे. भारतीय हवामान विभागाचे जागतिक प्रारूप सुमारे १२ किलोमीटरच्या चौकटींत हिशेब करते आणि मे २०२५ मध्ये सुरू झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ ६ किलोमीटरच्या चौकटींत. पण सहा किलोमीटरच्या एका चौकटीतसुद्धा बाजारपेठ, तलाव आणि लिंगमळा एकत्रच मावतात. त्या दोन-तीन किलोमीटरांतील फरक आपल्यालाच भरून काढावा लागतो. थंडीच्या लाटेच्या इशाऱ्याचेही तसेच आहे. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि डोंगरी भागात शून्य किंवा त्याखाली गेल्यावर, सरासरीपासून किती घट झाली हे पाहून तो इशारा दिला जातो. वेण्णाकाठचे हिमकण त्या निकषाच्या फार अलीकडे तयार होतात, त्यामुळे इशारा नाही म्हणून निर्धास्त राहणे योग्य नाही.

अंदाजाची पहिली पायरी तीन-चार दिवस आधी सुरू होते आणि तिची सुरुवात काश्मीरपासून करावी. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी झंझावात जम्मू-काश्मीर आणि हिमाचलवर हिमवृष्टी करून पुढे सरकले की त्यांच्या पाठीमागून उत्तरेचा कोरडा, थंड वारा राजस्थान-गुजरातमार्गे किंवा मध्य प्रदेशावरून महाराष्ट्राकडे येतो. हिमाचलातील बर्फाची बातमी वाचल्यावर त्याच रात्री आपल्याकडे गारठा अपेक्षित धरू नये. झंझावात वरून जात असताना उलट आपल्याकडे पातळ उंच ढग येतात, वारा दक्षिणेकडून येऊ लागतो आणि रात्री उबदार जातात. तो पुढे गेल्यावर, बहुधा दोन-तीन दिवसांनी, थंडी पोहोचते. उत्तरेत एकामागून एक असे दोन झंझावात रांगेत असतील, तर मधली फट किती दिवसांची आहे हे पाहावे, कारण फट एकाच रात्रीची असेल तर थंड हवा इथपर्यंत पोहोचण्याआधीच वारा पुन्हा वळतो.

या टप्प्यावर नकाशा पाहताना जमिनीलगतच्या वाऱ्याचा नकाशा न पाहता ८५० हेक्टापास्कल पातळीचा, म्हणजे हवेचा दाब जिथे तेवढा असतो त्या उंचीचा, पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. ही पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर असते आणि महाबळेश्वरचा माथा साधारण १,३५० ते १,४४० मीटरांवर आहे. मैदानातील माणसासाठी जो ‘वरचा’ नकाशा असतो, तो आपल्यासाठी जवळजवळ दारातला नकाशा आहे. त्या पातळीवर ईशान्य किंवा पूर्वेचा वारा जोरदार दाखवला असेल, तर माथ्यावरच्या विल्सन पॉइंटवर रात्रभर टोप्या उडतील. खोलगटातही तो वारा मधूनमधून उतरून साठलेली थंड हवा ढवळून टाकील आणि हिमकण होणार नाहीत. तोच वारा मंद दाखवला असेल, तर पुढच्या पायऱ्यांकडे वळावे.

प्रत्यक्ष संध्याकाळी तीन गोष्टी तपासाव्या लागतात: हवेतील बाष्प, आकाश आणि वारा. बाष्पासाठी दवबिंदू तापमान काढावे, म्हणजे हवा किती अंशांपर्यंत थंड झाली असता तिच्यातील बाष्पाचे दव होऊ लागेल ते तापमान. कोरड्या आणि ओल्या फुग्याचे तापमापक असतील तर उत्तमच. नसतील तर साध्या आर्द्रतामापकावरही काम भागते. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांहून अधिक असेल, तर शंभरातून ती वजा करून आलेल्या संख्येला पाचाने भागावे आणि तो भागाकार तापमानातून वजा करावा. समजा, सायंकाळी सात वाजता हवा १४ अंश आणि आर्द्रता ६० टक्के आहे. शंभरातून साठ गेले चाळीस, त्याला पाचाने भागले आठ, आणि १४ मधून ८ गेले की दवबिंदू तापमान सुमारे ६ अंश येते. हा आकडा महत्त्वाचा का? हवा दवबिंदूपर्यंत थंड झाली की दव धरू लागते आणि बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे त्यापुढे तापमानाची घसरण मंदावते. दवबिंदू १०-१२ अंशांवर असेल तर ही घसरण वरच थांबते आणि पहाटे धुके किंवा नुसते दव मिळते. तो पाच-सहा अंशांच्या खाली असेल तर उघड्या पात्याला शून्य गाठायला वाव राहतो. तो शून्याच्याही बराच खाली असेल तर वेगळाच धोका संभवतो: पांढरे काहीच दिसत नाही, पण झाडातील पाणी गोठते आणि दुपारपर्यंत पाने करपल्यासारखी काळी पडतात. कोरड्या पूर्वेच्या वाऱ्यानंतर वारा पडलेल्या रात्री याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण पांढरेपणा दिसला नाही म्हणून नुकसान नाही असे समजणारे बागायतदार मी पाहिले आहेत.

आकाशाच्या बाबतीत पिंजलेल्या कापसासारखे उंच, विरळ ढग फारसे आड येत नाहीत. मधल्या थरातील राखाडी ढगांची चादर मात्र गोधडीसारखे काम करते आणि जमिनीची उष्णता परत पाठवते. परंतु संध्याकाळी दिसलेले आकाश हे संध्याकाळचे आकाश असते, रात्रीचे नव्हे, आणि हा धडा मी नुकसान सोसून शिकलो. एका फेब्रुवारीत सायंकाळी साडेसात वाजता पश्चिमेपासून माथ्यापर्यंत ढग होते आणि एका हवामान अ‍ॅपवर नऊ अंशांचा आकडा होता. माझ्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवरचे आच्छादन दिवसभर फुलांवर मधमाश्या याव्यात म्हणून काढलेले होते. ते पुन्हा घालण्याचा कंटाळा मी त्या ढगांच्या भरवशावर केला. रात्री एकच्या सुमारास जाग आली तेव्हा खिडकीतून चांदण्या लख्ख दिसत होत्या आणि तरीही मी कूस बदलून झोपलो. सकाळी खालच्या सहा वाफ्यांची पाने पांढरी होती. वरच्या बांधालगतचे वाफे, जेमतेम दीड पुरुष उंचीवर असूनही, फक्त ओले होते. फुलांच्या पाकळ्या दोन दिवस पांढऱ्याशुभ्र दिसत राहिल्या, पण प्रत्येक फुलाचा मधला पिवळा गाभा काळा पडला होता आणि त्याला फळ धरले नाही. स्ट्रॉबेरीचे उमललेले फूल उणे एक अंशाच्या आसपासच दगावते, मिटलेली कळी त्याहून बरीच अधिक थंडी सोसते, हे पुस्तकातले वाक्य मला त्या दिवशी समजले. त्या संध्याकाळी इन्सॅट उपग्रहाची अवरक्त, म्हणजे अंधारातही ढग दाखवणारी, प्रतिमा पाहिली असती, तर ढगांच्या पट्ट्याची मागची कड कोकण किनाऱ्यावर आलेली आहे आणि तिच्यामागे स्वच्छ आकाश आहे, हे दिसले असते. तेव्हापासून अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराच्या चार-पाच प्रतिमा पाहून ती कड कोणत्या वेगाने सरकते आहे याचा हिशेब केल्याशिवाय मी दिवा मालवत नाही. मध्यरात्री आकाश मोकळे झाले तरी सूर्योदयापर्यंत सहा-सात तास उरतात, आणि तेवढे पुरतात.

वाऱ्यासाठी तलाव हेच उत्तम उपकरण आहे. पाणी आरशासारखे असून समोरच्या झाडांचे प्रतिबिंब अखंड दिसत असेल, तर वारा जवळजवळ नाही असे समजावे. माशाच्या खवल्यांसारख्या बारीक लहरी असतील, तर वारा ताशी पाच किलोमीटरपर्यंत आहे. गालाला वारा जाणवतो, पाने सळसळतात आणि ठळक पण न फुटणाऱ्या छोट्या लाटा उठतात, तेव्हा तो सहा ते अकरा किलोमीटरच्या घरात असतो. लाटांचे माथे फुटून कुठे कुठे पांढरे ठिपके दिसू लागले की बारा ते एकोणीस. हिमकणांसाठी वेगाची कमाल मर्यादा ताशी सातेक किलोमीटर धरावी. त्याहून जोराचा वारा वरच्या थरातील उबदार हवा खाली आणून मिसळत राहतो. मात्र वारा पूर्ण शून्य असणेही सर्वोत्तम नसते. किंचितशी झुळूक पृष्ठभागाला नवे बाष्प पुरवते आणि हिमकण दाट होतात. अंधार पडल्यावर पाणी दिसत नसेल, तर शेकोटीचा किंवा चुलीचा धूर पाहावा. धूर सरळ वर जाऊन घराच्या छपराइतक्या उंचीवर अचानक आडवा पसरला, तर तिथे उबदार हवेचे झाकण बसले आहे आणि खाली थंड हवा कोंडली गेली आहे, याचा तो पुरावा असतो. असा धूर रात्री नऊच्या आत दिसला, तर मी बाकी आकड्यांची वाट पाहत नाही.

तलावाचे स्वतःचे वर्तन दुहेरी आहे. पाणी सावकाश थंड होते, त्यामुळे काठावरील हवेला ते थोडी ऊब देते आणि त्याच वेळी बाष्पही पुरवते. पहाटे पाण्यावर वाफ तरंगताना दिसते ती याच कारणाने, आणि ही वाफ ज्या बाजूला सरकते त्या बाजूच्या जेट्टीवर व गवतावर हिमकण अधिक दाट आढळतात. तलाव स्वतः मात्र गोठत नाही. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असते, म्हणून वरचा थर थंड झाला की तळाशी जातो आणि सगळे पाणी ४ अंशांवर आल्याशिवाय पृष्ठभाग त्याखाली जाऊ शकत नाही. आपल्या एखाद-दोन रात्रींच्या थंडीला ते साधत नाही. अमेरिकेतील महासरोवरांच्या काठी तलावामुळे खरोखर हिमवृष्टी होते, म्हणून इथेही तसे काही होत असावे असा तर्क कधी ऐकू येतो. तिथे अतिथंड वारा उबदार पाण्यावरून शेकडो किलोमीटर वाहतो, बाष्प उचलतो आणि पैलतीरावर, उदाहरणार्थ बफेलो शहराच्या परिसरात, बर्फ म्हणून टाकतो. तिथले अंदाजकार पाण्याचे तापमान आणि त्याच ८५० हेक्टापास्कल पातळीचे तापमान यांत निदान १३ अंशांचा फरक शोधतात, आणि हिवाळा सरताना उथळ एरी सरोवर गोठले की बाष्पाचा पुरवठा आटून ती हिमवृष्टीही ओसरते. आपला तलाव जेमतेम २८ एकरांचा आहे. वारा तो काही मिनिटांत ओलांडतो.

उपकरणांवर फार खर्च करण्याची गरज नाही. एक तापमापक सव्वा मीटर उंचीवर सावलीत, हवा खेळेल अशा पेटीत आणि दुसरा जमिनीपासून चार बोटांवर, उघड्या गवतात ठेवावा. झाडाखाली ठेवू नये, कारण जांभळीची किंवा हिरड्याची फांदी आकाशाची जागा घेते आणि तिच्याखाली हिमकण धरत नाहीत. बाजारातले स्वस्त डिजिटल तापमापक एक-दोन अंशांनी सहज चुकतात; वाटीत कुटलेला बर्फ आणि थोडे पाणी कालवून त्यात त्यांचे टोक दहा मिनिटे बुडवावे आणि शून्याऐवजी जो आकडा दिसेल तेवढी दुरुस्ती कागदावर लिहून तापमापकाला चिकटवावी. मग रोज सकाळी वेधशाळेचे किमान, आपल्या पेटीतले किमान, गवतावरचे किमान, रात्रीचा वारा आणि ढग अशी एका ओळीची नोंद ठेवावी. दोन हिवाळ्यांच्या नोंदी हाती आल्या की निरभ्र, शांत रात्री आपले गवत वेधशाळेपेक्षा किती अंशांनी खाली जाते हे कळते आणि तो फरक कोणत्याही अ‍ॅपच्या अंदाजातून वजा करता येतो. हा फरक शेजाऱ्याकडून उसना घेऊ नये. बांधाआड, दाट कुंपणाच्या वरच्या अंगाला किंवा ओढ्याच्या वळणावर तो बदलतो.

फेब्रुवारी सरत जातो तशी रात्र लहान होते. डिसेंबरच्या अखेरीस तेरा तासांची असलेली रात्र फेब्रुवारीच्या अखेरीस सव्वाबारा तासांवर येते आणि जमीनही दिवसा अधिक तापते. त्यामुळे डिसेंबरात तीनपैकी एक अट थोडी ढिली असली तरी हिमकण होऊन जातात, पण फेब्रुवारीच्या उत्तरार्धात तिन्ही अटी एकाच रात्री जुळाव्या लागतात. याच दिवसांत वाऱ्याची दिनचर्याही पालटते. सकाळी पूर्वेचा कोरडा वारा, सूर्योदयानंतर दोन-तीन तासांनी उबदार हवेचे झाकण फुटताच अचानक उठणारे झोत आणि दुपारनंतर कोकणातून घाट चढून येणारा पश्चिमेचा वारा, असा क्रम लागतो. नौकाविहार किंवा फवारणी करायची असल्यास सकाळी आठ ते दहा ही वेळ निवडावी. साडेदहानंतर पाण्यावर एकाच बाजूने धावत येणारे काळपट पट्टे दिसले, तर ते खाली उतरणाऱ्या झोताचे ठसे असतात. छोटी होडी तेव्हा मध्यभागी असू नये.

हिमकणांची शक्यता पक्की वाटल्यास दुपारीच ठिबक चालवून माती ओली करावी, कारण ओली माती दिवसाची उष्णता अधिक साठवते, आणि सूर्य मावळण्यापूर्वी वाफ्यांवर आच्छादन घालावे. तुषार सिंचन रात्री सुरू केल्यास गोठणारे पाणी उष्णता देऊन फूल वाचवते. पण ते सूर्योदयानंतर बर्फ वितळेपर्यंत थांबवता येत नाही. मध्येच वीज गेली तर ओल्या फुलावरून होणारे बाष्पीभवन, न भिजवलेल्या फुलाहून अधिक हानी करते. भारनियमनाचे वेळापत्रक पाहिल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात, तासगाव-कवठेमहांकाळकडे, याच आठवड्यांत द्राक्षे आणि बेदाण्याची शेड उघड्यावर असतात आणि तिथली चिंता ढगांची असते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीसारख्या प्रसंगी जमीन पांढरी दिसली तरी तिचा वेण्णाकाठच्या पांढरेपणाशी संबंध नाही. ती उंच वाढलेल्या मेघांची करणी असते आणि तिच्यासाठी वर सांगितलेली एकही कसोटी लागू पडत नाही.

दुपारचा पश्चिमेचा वारा सूर्यास्तानंतरही दोन-तीन तास टिकू लागला आणि सायंकाळचे दवबिंदू तापमान सलग आठवडाभर दहा अंशांच्या वर राहिले, की मी गवतातला तापमापक पुसून कोरड्या फडक्यात गुंडाळतो आणि आच्छादनांच्या घड्या माळ्यावर टाकतो.